मोंबासाचा डबा आणि राळेचं भांडं

ये गो सई, अशी जवळ ये. आणखी जवळ सरक. लांबून ओरडून सांगण्याजोगा माझा आवाज नाही हे तुला जन्मापासून ठाऊक आहे, तरी तू फोन टेबलावर ठेवून खोलीभर फिरतेस आणि वर मलाच म्हणतेस, आजी मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही. कान पिळायला हवा तुझा. आणि परवा व्हिडिओ कॉलवर काय केलंस? ते लाकडाचं वाद्य मांडीवर घेतलंस, दोन अंगठ्यांनी लहान मुलांचं एक गाणं वाजवून दाखवलंस, छान वाजवलंस, मी नाही कुठं म्हणते, पण नंतर मला शिकवायला लागलीस. ह्याला कलिंबा म्हणतात आजी, नवीनच आलंय, तुला माहीत नसेल. माहीत नसेल म्हणे. मी फोन ठेवून दिला तेव्हा तुला वाटलं रेंज गेली. रेंज कुठं गेली नव्हती. मला राग आला होता. तुझ्यावर नाही गो बाय, तुझा त्यात काय दोष. हा राग तुझा बाप जन्मायच्या आधीचा आहे, आणि तो अजून आहे तसा आहे, जराही निवलेला नाही. तू दिलेली वही इतके दिवस कोरी पडली होती, काय लिहू म्हणून मी टाळत होते. आता लिहिते. नीट बसून वाच, मध्ये उठू नकोस.

आमचं घर भाट्याच्या खाडीच्या काठाला, म्हणजे इतकं काठाला की उधाणाची भरती असली की खळ्याच्या, म्हणजे दारापुढच्या अंगणाच्या, टोकाला पाणी चाटून जायचं. माझे बाबा मासे मारायला जायचे नाहीत, ते होड्या बुजवायचे. होडी बांधताना किंवा जुनी झाल्यावर फळ्या-फळ्यांच्या मध्ये फटी राहतात, त्यांत तेलात आणि राळेत भिजवलेला कापूस ठोकून ठोकून बसवावा लागतो, नाहीतर होडी पाणी घेते. ते काम बाबांइतकं चांगलं आमच्या खाडीवर दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. बुरोंडीपासून लोक बोलावणी करायचे. त्यांनी बुजवलेल्या होडीत पाणी आलंय असं कुणी कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि ह्या गोष्टीचा त्यांना जो अभिमान होता तो घरात आम्हाला रोज पुरायचा. पावसाळ्यात होड्या काठावर ओढून त्यांच्यावर माडाच्या झावळ्यांचे झाप घातलेले असायचे आणि त्या झापांखाली बाबांची हातोडी चालायची, टक टक, टक टक, सकाळची पेज पिताना तेच आणि संध्याकाळी बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण शिजत असतानाही तेच. घरात राळेचा वास. भाकरीला राळेचा वास, माझ्या वेणीला राळेचा वास. शाळेत पोरी नाक धरायच्या. मी नववीपर्यंत गेले, मग आईची कंबर धरली, पाणी कोण भरणार, तर मी. मला कुणी विचारलं नाही. एक दिवस दप्तर माळ्यावर गेलं आणि त्याच्या जागी कळशी आली, इतकं साधं होतं ते.

आता तो डबा. आईचा धाकटा भाऊ, दिनूमामा, मालवाहू बोटीवर खलाशी होता. वर्षातून एकदा यायचा तेव्हा त्याच्या बॅगेतून काय काय निघायचं. वासाचा साबण, टॉर्च, आईला न चुरगळणारी साडी. त्या खेपेला त्यानं माझ्या हातात एक लाकडी पेटी दिली, एवढीशी, दोन तळहातांत मावेल अशी. वरच्या बाजूला लोखंडाच्या नऊ चपट्या पात्या एका आडव्या पट्टीखाली दाबून बसवलेल्या, मधली सगळ्यांत लांब आणि दोन्हीकडे आखूड होत गेलेल्या. त्या पात्यांच्या खाली पेटीला एक गोल भोक. मामा म्हणाला, मोंबासाच्या बंदरात एक म्हातारा भिंतीला टेकून हे वाजवत बसला होता, अंगठ्यांनी, आणि त्याचा आवाज ऐकून मला आपल्या खाडीची आठवण आली. नाव काय ह्याचं, मी विचारलं. मामा डोकं खाजवून म्हणाला, "नाव विचारायचं राहिलं गो." म्हणून घरात त्याला नाव पडलं नाही. आई त्याला मोंबासाचं म्हणायची आणि बाबा डबा म्हणायचे. कलिंबा हा शब्द मी ह्या वयात, तुझ्या तोंडून, फोनवर पहिल्यांदा ऐकला. आता कळलं का मी फोन का ठेवला?

माझ्या आवाजाचं तुला माहीत आहे. लहानपणी घसा आला, तापानं फणफणले, घसा बसला तो पुन्हा उठलाच नाही. बोलता येतं, भांडता तर फार छान येतं, पण गाता येत नाही. अजूनही फोनवर अनोळखी माणसं मला आजोबा म्हणतात आणि मीही कधी कधी आजोबा होऊन बोलते, कोण समजावत बसणार. तेव्हा मात्र हसू यायचं नाही. आरतीला पोरी मला कोपरानं ढोसायच्या, तू नुसती टाळी वाजव. म्हणून त्या डब्यातून पहिला स्वर निघाला ना, तो पाण्यात खडा टाकल्यासारखा गोल, स्वच्छ, तेव्हा मी पडवीत एकटी होते आणि मला रडू आलं. माझ्या हातून कधी काही सुरात निघेल असं मला वाटलंच नव्हतं.

नुसत्या हौसेसाठी मी शिकले असते की नाही देव जाणे. पण त्याच वर्षी वाडीत बालवाडी निघणार असं ठरलं. देवळाच्या ओवरीत वीस-पंचवीस पोरं बसवायची आणि वाडीतलीच एक मुलगी बाई म्हणून घ्यायची, शिक्षण थोडं कमी असलं तरी चालेल, पण पोरं सांभाळता आली पाहिजेत. श्रावणात तालुक्याहून एक बाई येऊन बघणार, ज्यांना काम हवं त्यांनी पोरांना अर्धा तास गोष्ट, गाणं काहीतरी करून दाखवायचं. दुसरीकडे बाबांनी आणि आत्यानं माझं आधीच ठरवून ठेवलं होतं, मिरजोळ्याला कोलंबी सोलायच्या शेडवर पाठवायचं. सकाळी टेम्पो यायचा आणि वाडीतल्या पोरींना भरून न्यायचा. त्या परत यायच्या तेव्हा त्यांची बोटं मी बघितली होती, बर्फाच्या पाण्यानं पांढरीफटक, टोकांना चिरा, भाकरी मोडताना सी सी करायच्या. बालवाडीचं बोलले तेव्हा बाबा हसले. वाईट नाही हसले, त्यांना खरंच गंमत वाटली. म्हणाले, "बाईला गाता यायला लागतं शेवंते. तुझा आवाज ऐकून पोरं देवळातून पळतील." मी म्हटलं, मी नाही गाणार. पोरं गातील, मी वाजवीन. बाबा म्हणाले, बघ बाय, बाईनं घेतलं तर जा, नाहीतर पौर्णिमेनंतर टेम्पोत बस. तेव्हा हे असं होतं. एका बाजूला ओवरी आणि दुसऱ्या बाजूला बर्फ, आणि मध्ये तो डबा.

वाजवायला काय घ्यायचं ते ठरवायला वेळ लागला नाही. आईचं एक गाणं होतं, तिनंच कधीतरी मला झोके देताना जुळवलेलं, चार ओळींचं.

कुर्ली चालली तिरकी तिरकी,
भरतीच्या पाण्यानं घेतली फिरकी,
एक पाय हळदीत, एक पाय मिठात,
कुर्ली बसली सांजच्याला ताटात.

वाडीतल्या पोरांना कुर्ल्या, म्हणजे तुमचे ते खेकडे, पकडायच्या कशा हे बोलता येण्याआधी कळायचं, त्यामुळे हे गाणं त्यांना पाठ होणार ह्यात शंका नव्हती. पण सोपं गाणं वाजवायला सोपं असतं असं नाही गो. मी डबा बघून समजले होते की डावीकडून उजवीकडे एकेक पाती दाबत गेलं की स्वर चढत जातील, जसे हार्मोनियमवर जातात. भजनीबुवांची पेटी मी बघितलेली होती. दाबत गेले तर सगळं गाणं कुठल्या कुठं. आठ दिवस मी डोकं आपटलं. एकदा तर रागानं डबा तांदळाच्या डब्यात कोंबून ठेवला, म्हटलं बस तिथं. मग एका सकाळी आई विळीवर बसून कुर्ल्या साफ करत होती, एक जिवंत होती ती सुटली आणि खळ्यात पळाली, आणि तिच्या मागे धावता धावता मला दिसलं की ती कशी एकदा ह्या बाजूचे पाय उचलते आणि एकदा त्या बाजूचे. मी कुर्ली सोडली आणि डबा तांदळातून काढला. मधली लांब पाती पहिली. मग तिच्या डावीकडची. मग उजवीकडची. मग पुन्हा डावीकडची. एकदा इकडे, एकदा तिकडे, असं मधून बाहेर जायचं. स्वर चढत गेले. आईनं मला ओरडून विचारलं कुर्ली कुठाय, मी म्हटलं, सापडली.

त्यानंतर माझे दिवस असे गेले. पहाटे पाणी, मग पेज, मग आईची कंबर चोळायची, आणि मग पडवीच्या कठड्यावर बसून तिरकी तिरकी. पात्यांवर मी कोळशानं खुणा केल्या होत्या. अंगठ्यांची नखं वाढवली, ती तुटली, पुन्हा वाढवली. एक पाती बेसूर बोलायची ती अडकित्त्याच्या मुठीनं हळूच ठोकून मागे सरकवली तर सुरात आली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच शोधलं. वाडीतली पोरं जमायला लागली. ताटात हा शब्द आला की मी त्या गोल भोकावर बोट ठेवून उचलायची, मग आवाज व्हाँव असा वाकायचा आणि पोरं गडाबडा लोळायची, म्हणायची पुन्हा कर शेवंताताई, कुर्लीला पुन्हा बसव. आई हे सगळं दारातून बघायची. मला कुठं ताल चुकला तर मान हलवायची. एकदा तिनं स्वतः माझं बोट धरून त्या भोकावरून उचलून बघितलं आणि लहान पोरीसारखी हसली. हे लक्षात ठेव. आईला ठाऊक होतं आवाज कुठून येतो.

आता बाबांची एक रीत सांगते. नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी त्यांचं काम संपायचं, कारण पौर्णिमेला होड्या पाण्यात जायच्या. मग भांड्यात जे राळ-तेल उरेल ते फेकायचं नाही, त्यानं घरातलं लाकूड माखायचं. पोळपाट तेवढा सोडून सगळं, पाट, विळीची फळी, उंबऱ्याच्या चिरा, दाराच्या फटी, मांडणीतली भोकं. जे सुटलेलं दिसेल ते कापूस घालून बुजवायचं आणि वरून माखायचं. वर्षाचं काम घरापाशी येऊन संपवायचं, असं ते म्हणायचे. आम्हाला त्या दिवशी कुठं टेकता यायचं नाही, सगळीकडे चिकट. मला ती रीत आवडायचीसुद्धा. त्या वर्षी ती तालुक्याची बाई नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती, म्हणून संध्याकाळी मी देवळाची ओवरी झाडायला, सारवायला गेले. सुनंदाही आली होती. सुनंदा म्हणजे वरच्या आळीतली, दहावी झालेली, गोड गळ्याची, तीही बालवाडीसाठी उभी राहणार होती. आम्ही दोघींनी मिळून ओवरी सारवली, हसलो, एकमेकींच्या अंगावर शेण उडवलं. ती म्हणाली, तुझ्या त्या डब्यापुढं माझं काय चालणार बाई. मी फुगून घरी आले. हातपाय धुतले आणि म्हटलं एकदा वाजवून बघते. आई चुलीशी होती. मान वर न करता म्हणाली, "दमलीस गो, जेव आणि झोप. सकाळी वाजव."

सकाळी खळ्यात पाट मांडून ठेवले होते वाळत, पाच पाट ओळीनं, आणि पाचव्या पाटावर माझा डबा. तांबूस, चकचकीत, नव्या होडीसारखा. गोल भोक नव्हतंच. त्या जागी लाकडाशी अगदी सपाट बसलेली राळ, हात फिरवला तर कळू नये इतकी सफाईनं. पात्यांच्या खालून, आडव्या पट्टीच्या फटीतून, सगळीकडे राळ ओघळून सुकली होती. मी मधली पाती दाबली. टक. दुसरी दाबली. टक. बाबा दात घासत होते ते हसत आले. ते इतके खूश होते सई, की मला अजून त्यांचा तो चेहरा आठवला तरी हात शिवशिवतात. म्हणाले, "बघितलंस? भोक ठेवूनच दिलं होतं बेट्यांनी. आता पाण्यात टाकलीस तरी बुडायची नाय."

मी त्याआधी बाबांपुढं आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी माझा तो फाटका आवाज खाडीपलीकडे गेला असेल. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, इतकं आठवतं की एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, विचारलंत का, मला विचारलंत का. बाबांना कळेचना मी काय म्हणते. लाकडाला तेल लावायला विचारायचं? ते तोंडातला फेस पुसायचंही विसरले. त्यांनी डबा उचलला, कानाशी धरला, टकटक केली, म्हणाले, चांगला तर लागतोय, भरीव लागतोय. भरीव. होडीला ठोकून बघतात ना तसं ठोकून बघत होते. मी सुई घेतली, विळी घेतली, खरवडायला गेले. रात्रभरात राळ काचेसारखी झाली होती आणि कापूस आत ठासून बसलेला, त्यांचाच हात तो, इतक्या वर्षांचा. विळी घसरून माझा अंगठा फाटला. तेव्हा आई चिंधी घेऊन आली. मी तिला विचारलं, तू बघत होतीस? ती चिंधी गुंडाळत राहिली. मी म्हटलं, आये, तुला ठाऊक होतं भोकातून आवाज येतो. तेव्हा ती हळूच म्हणाली, "त्यांच्या हातात राळेचं भांडं होतं. मी काय बोलणार?"

इथं मी जरा थांबते. आत्ता हे लिहिताना उठून पाणी पिऊन आले. लोकांना वाटतं राग म्हणजे आरडाओरडा. आरडाओरडा बाबांवरचा होता, तो त्या सकाळी निम्मा तरी ओतून झाला. आईवरचा राग मात्र मी कुणाला दाखवला नाही, कारण तो दाखवायचा कसा हेच मला कळलं नाही. तिनं आदल्या संध्याकाळी मला जेवायला वाढलं, भाकरीवर तूप घातलं, आणि ती वस्तू बाहेर सुकत असताना म्हणाली, सकाळी वाजव. रात्रीच मला सांगितलं असतं तर राळ ओली होती. कापूस चिमट्यानं निघाला असता.

ओवरीत पोरं बसली होती. तालुक्याची बाई चांगली होती, तिला मी काही म्हणणार नाही. आधी सुनंदानं म्हटलं, दोन गाणी, पोरांनी टाळ्या धरल्या. मग मी बसले, अंगठ्याला चिंधी, मांडीवर तो चकचकीत डबा. पोरं पुढं सरकली कारण त्यांना कुर्ली हवी होती. मी वाजवलं. टक टक, टक टक. झापांखाली बाबांची हातोडी वाजावी तसं. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, शेवंताताई, ह्याला काय झालं? बाईंनीही विचारलं, काय आहे ग हे? मी म्हटलं, वाजतं हे, काल वाजत होतं. त्यांनी मान डोलावली, लहान मुलाला समजूत घालताना डोलावतात तशी. मग मी डबा बाजूला ठेवला आणि म्हटलं गाणं, माझ्या तोंडानं. चारही ओळी म्हटल्या. दुसऱ्या ओळीला एक बाळ रडायला लागलं, तिसऱ्या ओळीला बाकीची हसायला लागली. चौथीला मी कुणाकडे बघितलं नाही. बाईंनी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, तू मुलांशी बोलतेस फार छान. सुनंदा बालवाडीची बाई झाली. ती चांगली बाई झाली, तेवीस की चोवीस वर्षं तिनं ती ओवरी सांभाळली, आणि आमचं कुर्लीचं गाणं तिनं पोरांना शिकवलं, माझं नाव सांगून. तरीसुद्धा मी तिच्याकडे हळदीकुंकवाला जायचं टाळायची. मोठं मन माझ्याकडे नव्हतं, आणि मी ते असल्याचं सोंगही कधी आणलं नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. सगळी वाडी काठावर, नारळ समुद्राला दिला, होड्या पाण्यात गेल्या, बाबांनी बुजवलेल्या एकाही होडीत थेंब आला नाही. घरात नारळीभात. मी माळ्यावर दप्तराशेजारी बसून राहिले. खाली बायका आईला विचारत होत्या, पोर कुठं गेली, आणि आईनं सांगितलं असावं, कारण आत्याचा आवाज वर आला. म्हणाली, एवढं काय त्यात, बापानं मायेनंच केलं ना. हे वाक्य मला त्यानंतर इतक्या जणांनी ऐकवलं. आत्यानं, शेजारणींनी, लग्नानंतर तुझ्या आजोबांनीसुद्धा. मायेनं केलं. अगो, मायेनं केलं हे मला कळत नव्हतं का? ते कळत होतं म्हणूनच तर जीव जळत होता. दुष्टपणानं केलं असतं तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. दप्तर माळ्यावर टाकलं तेही मायेनं, आईची कंबर दुखते म्हणून. शेडवर धाडली तीही मायेनं, घराला हातभार म्हणून. मायेनं केलेल्या गोष्टीवर रागवायचं नाही असं कुणी ठरवलं? ज्यांनी ठरवलं त्यांचं कुणी काही बुजवलं नसेल.

संध्याकाळी बाबा शिडीशी आले. त्यांना बहुतेक कुणीतरी ओवरीतली हकीकत सांगितली होती. वर चढले नाहीत, खालच्या पायरीवर उभे राहिले, हातात बारीक पटाशी. म्हणाले, "काढू का गो? जपून काढतो. होतं तसं करून देतो." आणि मी, सई, मी म्हटलं, "हात लावायचा नाही." ते पटाशी कमरेला खोचून गेले. चार दिवसांनी मी टेम्पोत बसले.

नऊ वर्षं मी कोलंबी सोलली. डोकं मोडायचं, साल ओढायची, काळा दोरा काढायचा, पाण्यात टाकायची, पुढची घ्यायची. शेजारच्या पोरी गाणी म्हणायच्या, मी नुसती टाळी, तीही नाही, हात बर्फात. माझी अंगठ्याची नखं गेली ती नीट परत आली नाहीत. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, त्या शेडवर माझ्या ज्या मैत्रिणी झाल्या त्या अजून आहेत, तिथंच मी भांडायला शिकले आणि तिथंच तुझ्या आजोबांचं स्थळ आलं. पण तू त्या दिवशी दोन्ही अंगठे पात्यांवर नाचवत होतीस ना, तेव्हा मी तुझं गाणं ऐकत नव्हते. मी तुझी नखं बघत होते.

आणि बाबा दर वर्षी विचारायचे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, घरातलं लाकूड माखून झालं की, हातातलं भांडं खाली ठेवून विचारायचे, काढू का गो? मी म्हणायची, नको. लग्न होऊन मी दुसऱ्या काठाला गेले, तर त्या दिवशी होडीतून यायचे, चहा घ्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, आणि उठताना, काढू का? नको. बाकी त्यांनी मला जन्मभर काही विचारलं नाही, माझ्या लग्नाचं ठरवतानासुद्धा नाही. तेवढं एक विचारायला शिकले होते आणि त्यालाच मी नाही म्हणायची. हो म्हटलं असतं तर त्यांचं काम संपलं असतं, त्यांना मोकळं वाटलं असतं, आणि तेच मला द्यायचं नव्हतं. शेवटच्या वर्षी त्यांचे हात इतके कापत होते की कपातला चहा बशीत सांडत होता. तरी विचारलं. मी त्या हातांकडे बघितलं आणि पुन्हा नको म्हटलं, आणि ह्या खेपेला ते म्हणाले, बरं, कारण त्यांनाही कळलं होतं की आता त्यांच्यानं होणार नाही. पुढच्या पौर्णिमेला ते नव्हते.

डबा माझ्याकडे आहे. कपाटात, साड्यांच्या खाली. राळ अजून तशीच आहे, एक तडा नाही. वाडीत आता सगळ्या होड्या फायबरच्या आल्या, फटी बुजवणारं कुणी उरलं नाही, म्हणजे बाबांच्या हातचं काम रत्नागिरीत कुठं शिल्लक असेल तर ते माझ्या त्या भोकात आहे. परवा तुझा फोन ठेवल्यावर मी तो बाहेर काढला. मधली पाती दाबली. टक. मी म्हटलं, बास झालं. राग जायचा नाही, तो मी जपून ठेवलाय आणि ठेवणार आहे, माझा आहे तो. पण रागासाठी ते भोक बंद राहायची गरज नाही, एवढं मला ह्या वयात कळलं, उशिरा कळलं, कळलं तरी.

तर आता मी तुला विचारते. हुकूम नाही करत, विचारते. ती बारीक पटाशी बाबांच्या हत्यारांत होती, ती मी घासून ठेवली आहे. माझी बोटं आता वाकत नाहीत, चष्मा लावला तरी भोकाची कड दिसत नाही. तू पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ये. खळ्यात पाटावर बसू, तू राळ खरवड, जपून, कापूस एकदम ओढू नकोस, मला तो हवाय. पात्या कुठली कितीनं मागे सरकवायची ते मी सांगेन. मग तुला कुर्ली शिकवते, आधी मधली, मग डावीकडची, मग उजवीकडची. तुझा तो सतरा पात्यांचा कलिंबा आणू नकोस, रिकाम्या हातांनी ये. नखं मात्र कापू नकोस. ये गो लवकर.